एकाच शनिवारी दोन ठिकाणी

मुलगी तेरा वर्षांची असताना तिने नेटबॉल सोडलं आणि रग्बी लीग खेळायचं ठरवलं. हॅमिल्टनमधले आमचे शनिवार तेव्हापासून बदलले. आधी मी शनिवारी सकाळी गवत कापायचो आणि दुपारी आठवड्याचं सामान आणायचो. आता मी सकाळी साडेआठला मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची उघडून बसायला लागलो.

न्यूझीलंडमध्ये नुसतं रग्बी म्हटलं की लोकांच्या मनात पंधरा जणांचा खेळ येतो. त्याला युनियन म्हणतात. लीग तेरा जणांची. चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरचे धरून खाली पाडतात, तो उठतो, चेंडू टाचेने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्या संघाकडे जातो. मी चिंचवडला कबड्डी बघत वाढलो, त्यामुळे मला हा खेळ युनियनपेक्षा लवकर कळला. पकड मोजता येते. जे मोजता येतं ते मला कळतं.

क्लबच्या लाकडी खोलीत भिंतभर जुने सांघिक फोटो होते. एका शनिवारी पाऊस आला म्हणून सगळे आत आलो. चहाच्या टेबलाशी दोन म्हातारे उभे होते. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी त्यांना विचारलं, "आपल्या प्रांताकडून सगळ्यात जास्त सामने कोण खेळलं?"

दोघांनी एकाच वेळी दोन वेगळी नावं घेतली. मग दहा मिनिटं ते भांडले. शेवटी एकजण म्हणाला, "तू त्या मॅचला होतास तरी का?" दुसरा म्हणाला, "मी होतो. तू बारमध्ये होतास." प्रश्न तिथेच राहिला.

मला आश्चर्य वाटलं. आमच्या लहानपणी गल्लीतल्या टेनिस बॉल क्रिकेटचीसुद्धा वही असायची. इथे इतक्या पिढ्या माणसं प्रांताचा शर्ट घालून खेळली, इंग्लंडहून आलेल्या संघांशी भिडली, आणि कोण किती खेळलं हे कुणालाच ठाऊक नाही?

हे सगळं लीगच्या सेक्रेटरी बाई ऐकत होत्या. त्या माओरी, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वडील आणि दोन काका प्रांताकडून खेळलेले. त्या माझ्याजवळ आल्या.

"कीया ओरा," त्यांनी माओरीत नमस्कार केला. "तुला खरंच जाणून घ्यायचंय, की नुसतं पाऊस थांबेपर्यंत?"

"खरंच."

त्यांनी सामानाच्या खोलीचं कुलूप काढलं. झेंड्यांच्या काठ्या आणि जुने पाण्याचे कॅन यांच्या मागे जुन्या कागदांची सहा खोकी होती. "वीस वर्षं मी अशा माणसाची वाट बघतेय," त्या म्हणाल्या. "गाडीची डिकी उघड."

प्रांताकडून खेळलेल्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यायचं ठरलं होतं. पहिल्या सामन्यापासून, ज्या क्रमाने ते मैदानात उतरले त्या क्रमाने. एकाच दिवशी तीन जण पहिल्यांदा खेळले असतील तर आडनावाच्या अक्षरांप्रमाणे. माणूस गेला असला तरी क्रमांक त्याचाच राहणार, घरच्यांना प्रमाणपत्र मिळणार. बाईंचा नियम एका ओळीचा होता: "ज्याचा बूट मैदानाला लागला, त्याला नंबर. बाकी कुणाला नाही."

मी दूध पावडरच्या कारखान्यात गुणवत्तेच्या नोंदी तपासतो. कुठल्या टाकीतलं दूध कुठल्या पोत्यात गेलं, हे कागदावरून उलट दिशेने शोधून काढणं हे माझं काम. तीच पद्धत मी इथे लावली. प्रत्येक सामन्यात प्रत्येक खेळाडूची एक ओळ. सामन्याची बेरीज तेरा आली पाहिजे, अधिक बदली खेळाडू. बारा आले तर कुणीतरी हरवलंय, चौदा आले तर एकच माणूस दोन स्पेलिंगांनी बसलाय. सामन्याच्या छापील पत्रिकेवर मी विश्वास ठेवत नसे, कारण ती सामन्याच्या आधी छापलेली असते. दुसऱ्या दिवशीचं किंवा सोमवारचं वर्तमानपत्र सापडलं तरच ओळ पक्की.

जेवणाचं टेबल दीड वर्ष त्या कागदांनी व्यापलं. बायको, मुलगी आणि मी कोपऱ्यात ताटं घेऊन बसायचो. मुलगी म्हणायची, "बाबा, यू हॅव हीप्स ऑफ डेड पीपल ऑन द टेबल." आणि पोळीचा तुकडा मोडायची.

पण ती माणसं मला मेलेली वाटत नसत. एका दौऱ्याच्या यादीत नावासमोर धंदा लिहिलेला होता: खाणकामगार, खाणकामगार, खाटीकखान्यातला, दुधाचा टँकर चालवणारा, न्हावी, पुन्हा खाणकामगार. इतिवृत्ताच्या वहीत एक नोंद होती की अमुक खेळाडू त्याच्या पहिल्याच सामन्याला येऊ शकणार नाही, खाणीतून रजा मिळाली नाही. देशाच्या संघाची निवड ज्या सामन्यावरून व्हायची तो सामना त्याने रजेपायी सोडला होता. एका पानावर भाऊ-भाऊ खेळलेले आणि वर्तमानपत्राने दोघांची आद्याक्षरं उलटी छापलेली. रविवारची आख्खी दुपार मी त्यात घालवली आणि मला ती वाया गेली असं वाटलं नाही.

इतिवृत्तातून आणखी एक गोष्ट कळली. त्या काळी लीग खेळलेल्या माणसाला युनियनची दारं बंद व्हायची, कधी कधी कायमची. एक सामना खेळला तरी. गावात युनियनचाच क्लब असेल तर त्या माणसाचं शनिवारचं आयुष्यच संपलं. म्हणून काही जण दुसऱ्याच्या नावाने लीग खेळत, बाई म्हणाल्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कागदावर अर्थातच कुठे नव्हतं. मला ते ऐकून काळजी वाटली होती. खोटं नाव पकडायचं कसं? बेरीज तर तेराच येणार.

ते पकडलं गेलं माझ्या चुकीमुळे. ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं फिल्मवर आहेत. साठच्या दशकातल्या एका सोमवारचा खेळाचा रकाना वाचून मी रीळ थांबवायला गेलो आणि मशीन दोन पानं पुढे सरकलं. समोर विवाहवार्ता. नवऱ्यामुलाचं नाव मी पाच मिनिटांपूर्वीच टिपलं होतं. तिन्ही आद्याक्षरं तीच, गाव तेच. सामना होता शनिवारी अडीच वाजता, बसने अडीच तासांवरच्या गावात. लग्न त्याच शनिवारी दोन वाजता, इथल्या चर्चमध्ये. प्रांताकडून त्या माणसाचा तो पहिला आणि एकमेव सामना होता.

कारखान्यात एकच टाकी एकाच वेळी दोन ठिकाणी दिसली तर आम्ही लाइन थांबवतो. मी यादी थांबवली आणि बाईंना फोन केला.

त्या आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "तो गेला चार वर्षांपूर्वी. भला माणूस. बायको आहे, केंब्रिज गावाच्या रस्त्याला राहते. तूच जाऊन विचार."

"मी? मला तर ती ओळखतही नाही."

"म्हणूनच. मी गेले तर संध्याकाळपर्यंत सगळ्या लीगला कळेल. आणि यादी पुढच्या शुक्रवारी छापखान्यात जाणार आहे, लक्षात ठेव. त्या ओळीत एकच माणूस बसेल. कोण, ते मला तू सांगायचं."

शनिवारी मुलीचा सामना झाल्यावर मी गेलो. आजी ऐंशीच्या पुढच्या, ताठ, दार उघडताना हाताला पीठ लागलेलं. मी कोण, कुठून आलो, हे सगळं मी पाठ केल्यासारखं सांगितलं आणि दोन्ही कात्रणांच्या प्रती टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला. एक वाचलं, दुसरं वाचलं.

"वधू मीच होते," त्या म्हणाल्या. "आणि नवरा माझ्या शेजारी उभा होता, हे मी शपथेवर सांगते. घामाघूम झाला होता, पण खेळून नव्हे."

"मग मैदानात कोण होतं?"

मी पिशवीतून क्लबच्या भिंतीवरच्या फोटोची प्रत काढली. सामन्याच्या दिवशी मैदानावर काढलेला संघाचा फोटो. खाली नावं छापलेली. त्यांच्या नवऱ्याच्या नावावरचा माणूस मागच्या रांगेत, मान खाली घालून बुटांकडे बघत उभा. बाकी बारा कॅमेऱ्याकडे बघताहेत. दीड वर्ष मी समजत होतो की फोटोवाल्याची वेळ चुकली.

आजींनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी हातांवर बोट ठेवलं. "अंगठे बघ. मुठीच्या आत. लहानपणापासून असाच उभा राहतो गाढव." मग म्हणाल्या, "माझा भाऊ."

मग सगळं बाहेर आलं. गुरुवारी संध्याकाळी फोन आला होता, संघातला एकजण जखमी झाला, तुझी निवड झाली, शनिवारी बस सकाळी निघेल. प्रांताचा शर्ट, जन्मात एकदा येणारा फोन, आणि शनिवारी दुपारी लग्न. लग्न पुढे ढकलणं शक्य नव्हतं. नाही म्हणावं तर ऐनवेळी संघ बाराचा. भाऊ युनियन खेळायचा, तिथे त्याचं नाव होतं. तो म्हणाला, मी जातो, तुझ्या नावाने. संघाच्या प्रशिक्षकाला माहीत होतं, त्याने काणाडोळा केला.

"आणि तुमच्या घरी काय सांगितलं?"

"काही नाही. सांगायचं कसं? माझा सख्खा मामा युनियनच्या कमिटीवर. आईला कळलं असतं तर मामाला कळलं असतं, आणि भावाला जन्मभर बंदी. मला नवऱ्याने चर्चमधून बाहेर पडल्यावर गाडीत सांगितलं. आईला वाटलं, भावाला जावई पसंत नाही म्हणून तो आला नाही. वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. मेली तेव्हाही तिला खरं माहीत नव्हतं."

आमच्याकडे लग्नात नवरीच्या भावाला कानपिळ्याचा मान असतो, हे मी त्यांना सांगितलं. तो नवऱ्यामुलाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि त्याबद्दल त्याला आहेर मिळतो. भाऊ नसेल तर चुलतभाऊ शोधून आणतात, पण ती जागा रिकामी ठेवत नाहीत.

"कान पिळून वर आहेर?" त्या म्हणाल्या. "त्याला हे कळलं असतं तर मॅच सोडून आला असता."

मी म्हणालो की एका माणसाची साक्ष माझ्या पद्धतीत पुरत नाही. भावाने स्वतः सही करून लेखी द्यायला हवं. आणि दुसरी गोष्ट मी सरळच सांगितली, कारण ती लपवण्यासारखी नव्हती: भावाचं नाव आलं की नवऱ्याचं जाईल. प्रमाणपत्र, क्रमांक, सगळं.

त्यांनी माझ्यापुढे स्कोनची, घरी भाजलेल्या छोट्या पावांची, बशी सरकवली. "बुधवारी चारला ये," त्या म्हणाल्या. "त्याला मी बोलावते. कशासाठी ते सांगणार नाही, नाहीतर नेमक्या त्याच दिवशी गायी व्यायला बसतील त्याच्या."

घरी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "सो यू आर टेकिंग अ डेड मॅन्स नंबर, बाबा?" मी म्हणालो, तो त्याचा नव्हताच. ती म्हणाली, "स्टिल." ते चार दिवस मी बाकीची यादी दोनदा तपासली. त्या सामन्यात आणखी दोघे पहिल्यांदा खेळले होते. नवऱ्याचं आडनाव अक्षरांत आधी येत होतं, भावाचं शेवटी. म्हणजे बदल केला तर त्या दोघांचेही क्रमांक एकेकाने सरकणार होते. मी दोन्ही याद्या तयार ठेवल्या.

बुधवारी भाऊ आला. गमबूट दाराबाहेर काढून, जाड मोज्यांवर आत. बहिणीपेक्षा तीन वर्षांनी मोठा, खांदे अजून रुंद. मला बघून बहिणीला म्हणाला, "हा कोण? इन्कम टॅक्सवाला?"

"त्याहून वाईट," आजी म्हणाल्या. "बस."

त्याने फोटो बघितला, कात्रणं बघितली आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या अंगठ्यांनी."

मी त्याला नियम सांगितला. ज्याचा बूट मैदानाला लागला त्याला नंबर. मी तयार केलेला कागद पुढे ठेवला, चार ओळींचा. त्याने वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"नाही. निवड त्याची झाली होती. माझी कुणी केली नव्हती. मी शर्ट भरायला गेलो."

"ऐंशी मिनिटं?" मी विचारलं.

"कितीही असोत. मी त्याला शब्द दिला होता, तुझ्या नावाने खेळतो. तो शब्द परत दे असं तो कधी म्हणाला नाही. आता तो बोलू शकत नाही, आणि मी त्याच्या मागे त्याच्या खिशात हात घालू? माझ्याच मेव्हण्याच्या?"

"झालं तुझं बोलून?" आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "हा फोटो तू या घरात कधी पाहिलास? भिंतीवर, कपाटात, कुठे?"

"नाही."

"क्लबने फ्रेम करून दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याने परत नेऊन दिला, आमच्याकडे खिळा नाही म्हणाला. आमच्याकडे! सुतार होता तो! कुणी म्हणालं, तू प्रांताकडून खेळलास ना, की हा उठायचा आणि पाण्याची टाकी भरली का बघायला जायचा. पन्नास वर्षं आमची टाकी कधी रिकामी झाली नाही. तू त्याच्या नावाने एक दुपार खेळलास. ती दुपार त्याने जन्मभर वागवली, कशासाठी? तू युनियनचा कोच, मग तू कमिटीवर, मग तू अध्यक्ष. तोंड उघडलं असतं तर तुझं सगळं गेलं असतं. त्याला वाटायचं, आपणच चोर आहोत. आणि आता तू मला सांगतोस, त्याच्या खिशात हात घालत नाही? काढून घे ते त्याच्याकडून, गाढवा. तुझंच आहे."

तो माझ्याकडे वळला. "त्याचं नाव पूर्ण पुसणार तुम्ही?"

मी सांगितलं की शेवटी एक वेगळं पान आहे. निवड झाली पण मैदानात उतरले नाहीत अशांचं. त्यांना क्रमांक नाही, पण नाव आहे. त्या पानावर अकरा जण होते, त्याच्यासह बारा होतील.

"कारण लिहिता का पुढे?" आजींनी विचारलं.

"नाही. त्या पानावर कारणाचा रकाना नाही."

"मग आखा. जखमी, आजारी, रजा नाही, असतील ना बाकीच्यांची? त्याच्यापुढे लिहा, लग्न. लोकांनी वाचू दे. माझ्यासाठी सोडलं त्याने ते, आणि आजवर एकाही कागदावर ते नाही."

बाकी अकरा जणांची कारणं माझ्याकडे होती. नऊ पक्की, दोन अंदाजाची. मी म्हणालो, ज्यांची पक्की आहेत त्यांची छापू. बाईंना मी समजावेन. हे बोलताना माझ्या लक्षात आलं की असा रकाना मी सुरुवातीलाच ठेवायला हवा होता. खाणीतून रजा न मिळालेला तो माणूसही त्याच पानावर होता.

भावाने कागद पुन्हा ओढला. चष्मा नव्हता, बहिणीचा लावला. चारही ओळी बोट ठेवून वाचल्या. तिसऱ्या ओळीत मी गावाचं नाव लिहिलं होतं, तिथे थांबला. "मैदान गावात नव्हतं. गावाच्या अलीकडे, रेल्वेपलीकडे." मी दुरुस्त केलं आणि शेजारी माझी आद्याक्षरं घातली. मग त्याने सही केली. शाळकरी मुलासारखी, प्रत्येक अक्षर सुटं.

मी कागद पिशवीत ठेवला आणि निघायला म्हणून उठलो. तो बहिणीकडे न बघता म्हणाला, "चर्च भरलं होतं?"

"भरलं होतं. मागे लोक उभे होते."

"मग जागा नव्हतीच मला."

"होती. पहिल्या बाकावर. आईने तिथे तिची पर्स ठेवली होती, कुणी बसू नये म्हणून. पाद्री म्हणाला उचला, मागे माणसं उभी आहेत. तिने उचलली नाही. शेवटचं गाणं होईपर्यंत."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी उभं राहावं की बसावं मला कळेना, मग बसलो.

"मला कुणी सांगितलं नाही हे," तो म्हणाला.

"तू कुणाला विचारलंस? तू तोंडाला कुलूप लावून बसलास, मीही बसले. आता तूच सांग. मी अंगठी घालत होते तेव्हा तू काय करत होतास?"

"चिखलात तोंड होतं माझं."

"नीट सांग. मला त्या मॅचचं काहीसुद्धा माहीत नाही. जिंकलात एवढंच माहीत आहे."

त्याने टेबलावर नजर फिरवली. साखरेचं भांडं मधे ओढलं, जॅमची बरणी एका टोकाला ठेवली, बहिणीचा कप तिच्या हातातून काढून घेतला.

"हा मी," तो म्हणाला. "आणि हा," म्हणत त्याने माझा अर्धा भरलेला कप उचलला, "त्यांचा फुलबॅक, सगळ्यात मागे उभा राहणारा. आता बघ."